गेटच्या बाहेर कुणाची हद्द?

हडपसरला विद्यापीठ नाही; पण एखाद्या लहान विद्यापीठात मावतील इतकी पोरंपोरी रोज सकाळी हडपसरात उतरतात. पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचे अण्णासाहेब मगर महाविद्यालय, रयत शिक्षण संस्थेचे एस. एम. जोशी महाविद्यालय, रयतचेच साधना विद्यालय, हांडेवाडीकडची अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये, शिवाय गल्लोगल्लीचे क्लासेस आणि अभ्यासिका. गणेशखिंडीतल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला चारशेहून जास्त एकरांचे आवार आहे. तिथे एकदा गेटमधून आत गेले की माणूस विद्यापीठात असतो. हडपसरच्या कॉलेजकुमाराला ती चैन नाही. शेवटचा तास संपला की तो थेट रस्त्यावर येतो आणि तिथून गाडीतळाच्या बसथांब्यावर, वडापावच्या गाडीवर किंवा ससाणेनगर-मुंढव्यातल्या कॉट बेसिसच्या खोलीवर जातो. त्याचे कॉलेजजीवन या सगळ्या पट्ट्यात घडते. भांडणे, पाठलाग, धमक्याही याच पट्ट्यात घडतात.

नियम मात्र लिहिले गेले ते भिंतीच्या आतल्यांसाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत काटेरी तारांचे कुंपण असलेली उंच भिंत होती, सीसीटीव्ही होते, बायोमेट्रिक हजेरी होती आणि आवारातच पोलीस ठाणे उभारावे असेही होते. वाचताना कॉलेज कमी आणि कारागृह जास्त डोळ्यांपुढे येते. समाज आणि पोलीस यांनी मिळून गुन्हा होण्याआधी तो थोपवायचा, या विचाराला आपल्याकडे ‘कम्युनिटी पोलिसिंग’ म्हणतात. त्याच्या नावाने पुण्यात गेल्या दहा वर्षांत पुष्कळ काही झाले. त्यातले काय टिकले, काय वाहून गेले आणि हडपसरसारख्या भिंत नसलेल्या कॅम्पसला त्याचा किती उपयोग, हे एकदा ताळेबंद मांडून पाहायला हवे. माझे मत आधीच सांगतो. पहारा वाढवल्याने कॅम्पस सुरक्षित होत नाही. मुलीने किंवा मुलाने केलेली पहिली, छोटी, किरकोळ वाटणारी तक्रार कुणीतरी नीट उतरवून घेतली, तर होतो. आपल्या बहुतेक योजना पहाऱ्याच्या आहेत.

सुरुवात २०१७ पासून करू. २९ जानेवारी २०१७ रोजी, रविवारी, हिंजवडीतल्या इन्फोसिसच्या संकुलात एकटी काम करत असलेल्या तरुण अभियंता मुलीचा खून झाला. अटक झाली ती त्याच इमारतीच्या सुरक्षारक्षकाला. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, तळवड्यात दुसऱ्या एका आयटी कर्मचारी तरुणीचा खून झाला होता. शहर हादरले. तेव्हाच्या पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांनी नोकरदार महिलांसाठी ‘बडीकॉप’ सुरू केले. महिलांचे छोटे छोटे व्हॉट्सअॅप गट करायचे आणि प्रत्येक गटात एक पोलीस ठेवायचा, अशी ती कल्पना. मगरपट्टा आणि फुरसुंगीच्या आयटी पार्कांमुळे हडपसरला ती लगेच लागू पडली. शाळा-कॉलेजांसाठी ‘पोलीस काका’ आले. प्रत्येक संस्थेला एक नेमून दिलेला पोलीस, त्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक दर्शनी भागात, आणि मुलांनी त्याला थेट फोन करायचा. महिला पोलिसांच्या दामिनी पथकाच्या दुचाक्या कॉलेजच्या गेटवर दिसू लागल्या.

‘पोलीस काका’ ही कल्पना मला आजही या सगळ्यांत शहाणपणाची वाटते. सोळा वर्षांच्या मुलाला ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते. ड्युटी ऑफिसरसमोर उभे राहून काय बोलायचे, हे त्याच्या बापालाही ठाऊक नसते. ओळखीचा एक हवालदार असला की निम्मी भीती तिथेच जाते. पण कल्पना चांगली असणे वेगळे आणि फलकावरचा नंबर चालू असणे वेगळे. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या जिन्याखाली असा फलक मी पाहिला आहे. ऊन-पावसाने उडालेली निळी अक्षरे, खाली दहा आकडी नंबर, आणि शेजारी फी भरण्याच्या शेवटच्या तारखेची ताजी नोटीस. ज्यांचे नाव होते ते केव्हाच बदलून गेले होते. फलक बदलायचे काम कुणाचे, हे प्राचार्यांच्या कार्यालयाला माहीत नव्हते आणि चौकीलाही नव्हते.

यात त्या हवालदाराचा दोष नाही. शुक्लांनंतर के. वेंकटेशम् आले, मग २०२० मध्ये अमिताभ गुप्ता, २०२२ च्या अखेरीस रितेश कुमार, फेब्रुवारी २०२४ मध्ये अमितेश कुमार. आठ वर्षांत पाच आयुक्त. प्रत्येकाने काही ना काही नवे सुरू केले, त्यातले काही खरोखर चांगले होते. वेंकटेशम् यांच्या काळात पुण्यात आलेला, महिला, मुले आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठीचा भरोसा कक्ष हे त्याचे उदाहरण. पण नव्या साहेबांच्या नव्या योजनेत जुन्या साहेबांची योजना कागदावर राहते आणि माणसे दुसरीकडे लागतात, हा आपल्या सगळ्याच सरकारी खात्यांचा जुना शिरस्ता आहे. ज्या मुलाने अकरावीत पोलीस काकांचा नंबर सेव्ह केला, तो पदवी घेईपर्यंत तीन योजना आल्या-गेल्या.

हडपसरचे नाव राज्यभर गाजले ते मात्र कोयत्यामुळे. ऊसतोडीचा हा स्वस्त, कुठेही मिळणारा कोयता पोरांच्या हातात आला आणि मांजरी-हडपसर भागातल्या ‘कोयता गँग’चा प्रश्न डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी सभागृहात मांडला. त्याच महिन्याच्या अखेरीस आंबेगाव बुद्रुकला, सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात, दोघे कोयते फिरवत दुकाने फोडत सुटले आणि त्याचा व्हिडिओ घरोघरी पोहोचला. मग धरपकड झाली, मोक्का लागला, तडीपारीचे आदेश निघाले, पकडलेल्यांची त्यांच्याच वस्तीतून वरात काढायचा प्रकारही सुरू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या पोरांपैकी कित्येक अठरा वर्षांच्या आतले होते, म्हणजे वयाने अकरावी-बारावीत बसायला हवे होते. महाराष्ट्रातल्या कॅम्पसची एक गंमत इथे ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालय बहुतेक वेळा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरते. सोळा वर्षांची पोरे आणि बावीस वर्षांची पोरे एकाच पार्किंगमध्ये गाड्या लावतात, एकाच कट्ट्यावर बसतात. ‘भाई’ इथेच तयार होतो. दहावी-अकरावीत गळालेला मित्र गेटबाहेर येऊन उभा राहतो, आतला एखादा त्याला ‘दादा’ म्हणतो, स्टेटसला फोटो जातो, दुसऱ्या गटाला तो खुपतो आणि वार्षिक स्नेहसंमेलनाच्या आसपास राडा होतो. हे शिपायाला माहीत असते, कँटीनवाल्याला माहीत असते, वर्गशिक्षकालाही थोडेफार माहीत असते. ते पोलिसांपर्यंत जात नाही, कारण पोलिसांकडे न्यायचे म्हणजे गुन्हा दाखल करायचा, एवढाच अर्थ सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे. गुन्हा दाखल झाला की पोराचे आयुष्य गेले, पासपोर्ट गेला, पोलीस भरती गेली. त्यामुळे शिक्षक समज देतो, पालक माफीनामा लिहितो आणि प्रकरण मिटते. किंवा मिटल्यासारखे दिसते.

नेमकी हीच मधली जागा, म्हणजे गुन्ह्याच्या अलीकडची आणि समज देण्याच्या पलीकडची, सांभाळण्यासाठी समाज आणि पोलीस यांच्यात पूल हवा असतो. महाराष्ट्राने तो एकदा बांधून दाखवला आहे. सुरेश खोपडे १९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त झाले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेले ते शहर. खोपड्यांनी सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या केल्या. शांतता समित्या आधीही होत्या; पण त्यांत पुढारी, नगरसेवक, मौलवी, पुजारी, म्हणजे एरवीही ठाण्यात खुर्ची मिळणारी माणसे असत. खोपड्यांनी हिंदू आणि मुसलमान निम्मे निम्मे घेतले, तेही यंत्रमागवाले, हमाल, टपरीवाले, गृहिणी असे. आणि समितीचे काम साहेबाकडे न देता त्या भागातल्या शिपायाकडे दिले. शिपाई हाच निमंत्रक. बैठकीत दंगलीची चर्चा नसे. नळाचे भांडण, भाड्याचा वाद, पोराने केलेली छेडछाड असे किरकोळ विषय असत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती आणि नऊशे माणसे मेली, तेव्हा खाडीपलीकडची भिवंडी शांत राहिली.

भिवंडीचे कौतुक सगळे करतात, पण त्यातला शिपाई उचलत नाहीत. कॉलेजमध्ये पोलिसांचा कार्यक्रम म्हणजे आजही काय? सभागृह, पुष्पगुच्छ, वरिष्ठ निरीक्षकांचे ‘तरुणाईपुढील आव्हाने’ या विषयावर मार्गदर्शन, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांच्या टाळ्या, आणि दुसऱ्या दिवशी पान तीनवर फोटो. त्या मंचावर त्या बीटचा, म्हणजे त्या भागात गस्त घालणारा, अंमलदार नसतो. तो खाली रस्त्यावर साहेबांच्या गाडीसाठी जागा करत असतो. तोच मंचावर बसायला हवा, कारण रात्री साडेनऊला फोन लागणार तो त्यालाच.

देशात इतरत्रही प्रयोग झाले. तमिळनाडूत १९९३ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’, केरळात २००८ मध्ये ‘जनमैत्री’ आणि २०१० मध्ये शाळांतले स्टुडंट पोलीस कॅडेट. आपल्याकडे प्रवीण दीक्षित महासंचालक असताना ‘पोलीस मित्र’ राज्यभर नेण्याचा प्रयत्न झाला. गणेशोत्सवात, वारीत पोलीस मित्रांचा उपयोग होतो, हे मान्यच. पण स्वयंसेवकाच्या हातात शिट्टी देण्याआधी कोलकात्याची आठवण ठेवावी. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयात, म्हणजे एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, तरुण डॉक्टरवर बलात्कार आणि तिचा खून झाला. जानेवारी २०२५ मध्ये ज्याला त्यासाठी जन्मठेप झाली, तो कोलकाता पोलिसांचा ‘सिव्हिक व्हॉलंटियर’ होता. पोलिसांचा माणूस म्हणूनच तो रुग्णालयात मोकळा फिरत होता. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात जून २०२३ मध्ये अठरा वर्षांच्या मुलीचा खून झाला. संशयित होता वसतिगृहाचा वर्षानुवर्षांचा पहारेकरी, जो त्याच दिवशी रेल्वेखाली मृतावस्थेत सापडला. हिंजवडीचे वर आलेच आहे. तिन्ही ठिकाणी गेट होते, रजिस्टर होते, माणूस नेमलेला होता. ठेकेदाराकडून बारा-बारा तासांच्या पाळीवर घेतलेल्या रक्षकाची चारित्र्यपडताळणी झाली की नाही, हे आपल्याकडे किती महाविद्यालये विचारतात? हा प्रश्न निविदा काढतानाच विचारायचा असतो.

‘समाज’ म्हणजे नेमके कोण, हा दुसरा नाजूक भाग. हडपसरला तो टाळता येणार नाही. २ जून २०१४ च्या रात्री, फेसबुकवरच्या मजकुरावरून पेटलेल्या वातावरणात, इथे एका तरुण मुस्लिम आयटी कर्मचाऱ्याचा जमावाने खून केला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडले. त्या रात्री रस्त्यावर उतरलेलेही स्वतःला समाजाचे रक्षकच समजत होते. म्हणून तरुणांचे दल करा, त्यांना रात्री गस्तीला पाठवा, असे कुणी उत्साहाने सुचवले की माझ्या पोटात गोळा येतो. भिवंडीत निम्मे-निम्मेचा नियम होता, तो उगाच नव्हता.

आणि प्रेमी युगुलांचे काय? दामिनी पथकाकडे जाणाऱ्या कित्येक तक्रारी ‘पोरंपोरी झाडाखाली बसतात’ याच असतात. शहरात दोघांना तासभर बोलत बसायला फुकटची, उजेडाची जागा नाही. मग ती टेकडीवर जातात, घाटात जातात. ३ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री बोपदेव घाटात मित्राबरोबर गेलेल्या तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर घाट आणि टेकड्यांवर दिवे, कॅमेरे लावायची घोषणा झाली, ती योग्यच. पण त्या वयाच्या मुलांना बागेतून, कट्ट्यावरून हाकलून देणारी व्यवस्थाच त्यांना अंधाराकडे ढकलते, हे कुणी बोलत नाही. ज्या पोलिसाने मागच्या आठवड्यात ‘घरी फोन लावू का?’ म्हणून दटावले, त्याच्याकडे ती मुलगी पुढच्या आठवड्यात पाठलागाची तक्रार घेऊन जाणार नाही.

तिची तक्रार बहुधा ओळखीच्याच माणसाबद्दल असते, हेही विसरू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत दरवर्षी बलात्काराच्या पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो. २७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भरदिवसा एका विद्यार्थिनीवर कोयत्याने हल्ला झाला. हल्लेखोर तिचा जुना मित्र होता आणि बरेच दिवस मागे लागला होता. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा लेशपाल जवळगे आणि त्याच्यासारखेच दोघे-तिघे मधे पडले म्हणून ती वाचली. जवळच्या पेरूगेट चौकीतले तीन पोलीस निलंबित झाले. दीड वर्षाने, जानेवारी २०२५ मध्ये, येरवड्यात एका कंपनीच्या वाहनतळात सहकाऱ्याने तरुणीवर वार केले, तेव्हा मात्र गर्दी बघत उभी राहिली. लेशपालचे सत्कार झाले, झालेच पाहिजेत. पण एका मुलीचा जीव शेजारून जाणाऱ्याच्या धाडसावर अवलंबून राहिला, म्हणजे त्याआधीच्या सगळ्या पायऱ्या चुकल्या होत्या. पाठलाग सुरू झाला त्या आठवड्यातच ते कुणाच्या तरी वहीत नोंदले जायला हवे होते.

कायदा तोकडा नाही. पाठलाग २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो. पहिल्या वेळी जामीनपात्र, दुसऱ्या वेळी अजामीनपात्र. म्हणजे पहिली तक्रार नोंदली नाही, तर दुसरी कधीच ‘दुसरी’ ठरत नाही. आपल्याकडे पहिल्या वेळी काय होते ते ठाण्यात गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ‘अर्ज देऊन ठेवा, आम्ही त्याला बोलावून समज देतो.’ तो अर्ज ‘चौकशीवर’ राहतो. त्यात हद्दीचा घोळ. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यात सात नवी पोलीस ठाणी झाली आणि त्यांतल्या काळेपडळ व फुरसुंगीमुळे हडपसरच्या बाजूच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या. मनुष्यबळाच्या दृष्टीने हे हवेच होते. पण कॉलेज एका ठाण्यात, खोली दुसऱ्यात आणि बसथांबा तिसऱ्यात, अशी स्थिती झालेल्या मुलीला ‘तिकडे जा’ म्हणून सांगता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी फिर्याद कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो लागतो आणि मग माहिती असूनही पोलिसांना न कळवणारे शिक्षक-प्राचार्यच कायद्याच्या कचाट्यात येतात. बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची दखल घेण्यात शाळेने आणि ठाण्याने तास वाया घालवले आणि त्याची किंमत साऱ्या राज्याने पाहिली.

कॉलेजच्या आत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती आहे. अनुदान आयोगाचे याविषयीचे विनियम २०१५ चे. ते २ मे २०१६ रोजी अधिसूचित झाले. त्यातली एक तरतूद फार थोड्यांच्या वाचनात आहे. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत तीन विद्यार्थी असावेत आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडून आलेले असावेत. शिवाय वरिष्ठ प्रशासकीय पदांवरच्या मंडळींना समितीत जागा नाही. आता निवडून आलेले विद्यार्थी आणायचे कुठून? महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका हिंसाचाराच्या भीतीने १९९४ च्या कायद्यानंतर थांबल्या, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची पुन्हा तरतूद झाली आणि तरीही वर्षानुवर्षे त्या झाल्या नाहीत. म्हणजे गुन्हेगारी नको म्हणून निवडणूक बंद केली आणि निवडणूक बंद म्हणून गुन्ह्याची वाच्यता करणारा विद्यार्थी प्रतिनिधीही गेला.

अमेरिकेतून एक गोष्ट मात्र बिनदिक्कत उचलावी. लिहाय विद्यापीठात ५ एप्रिल १९८६ रोजी जीन क्लेरी या विद्यार्थिनीवर तिच्या वसतिगृहातल्या खोलीत बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. मारेकरी तिथलाच विद्यार्थी. आपोआप बंद होणारी तीन दारे मुलांनी अडकण लावून उघडी ठेवली होती. आईवडिलांना नंतर कळले की आधीच्या तीन वर्षांत त्या कॅम्पसवर अडतीस हिंसक गुन्हे घडले होते आणि कुणालाच सांगितले नव्हते. त्यांच्या लढ्यातून १९९० चा कायदा झाला. आता तिथल्या सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत कॅम्पसवरच्या आणि लगतच्या सार्वजनिक रस्त्यांवरच्या गुन्ह्यांची आकडेवारी जाहीर करावी लागते. लगतच्या रस्त्यांवरच्याही, हे लक्षात घ्या. लपवाछपवीबद्दल पेन स्टेट विद्यापीठाला २०१६ मध्ये सुमारे चोवीस लाख डॉलरचा दंड झाला.

आपल्याकडे उलटे आहे. ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ हे वाक्य नॅकच्या मूल्यांकन अहवालात अभिमानाने लिहिले जाते. शून्य तक्रारींचे कॉलेज मला सगळ्यात धोक्याचे वाटते. पाच-सहा हजार तरुण मुले एका जागी असताना वर्षभरात एकही छेडछाड, एकही धमकी नाही, हे शक्य नाही. शून्याचा अर्थ एवढाच की तक्रारपेटी उघडली नाही, किंवा तिच्यात चिठ्ठी टाकावीशी कुणाला वाटली नाही.

हडपसरला शेजारीच दुसरे टोक आहे. मगर आणि इतर शेतकरी कुटुंबांनी आपल्या सुमारे चारशे एकर जमिनीवर उभी केलेली मगरपट्टा सिटी. तिथे खासगी रक्षक आहेत, नाके आहेत, रस्ते उजेडाचे आहेत. ज्यांना परवडते त्यांनी आपली सुरक्षा विकत घेतली. कॉलेजातली बहुसंख्य मुले ती विकत घेऊ शकत नाहीत. सोलापूर रस्त्याच्या गावांतून, यवत-उरुळीकडून बसने येणारी ही मुले आहेत. त्यांच्यासाठी संध्याकाळी सहानंतर बस वेळेवर येणे आणि थांब्यावरचा दिवा लागलेला असणे, याहून मोठी गुन्हेप्रतिबंधक योजना नाही. ती महापालिका आणि पीएमपी बससेवेच्या हातात आहे, पोलिसांच्या नाही. म्हणून कॉलेज-पोलीस बैठकीत पीएमपीचा आगारप्रमुख आणि महापालिकेच्या विद्युत विभागाचा अभियंता बसलाच पाहिजे.

येत्या जूनमध्ये मुलाचा किंवा मुलीचा प्रवेश घ्यायला जाल, तेव्हा निकालाची टक्केवारी आणि प्लेसमेंट विचारून झाल्यावर कार्यालयात आणखी तीन गोष्टी विचारा. अंतर्गत तक्रार समितीतले तीन विद्यार्थी कोण आणि त्यांना कुणी निवडले? गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले? या बीटच्या अंमलदाराचे नाव आणि आज चालू असलेला नंबर काय? उत्तर देणारा क्लार्क आधी गोंधळेल. दहा पालकांनी विचारले की प्राचार्यांपर्यंत जाईल, आणि पन्नास पालकांनी विचारले की फलक बदलेल.